खोडलेल्या किमतीचा हिशेब: ऑनलाइन सेल लावण्याआधी

दसरा-दिवाळी जवळ आली की ऑनलाइन दुकान चालवणारे सगळेच जुनी किंमत खोडतात, शेजारी नवी लिहितात आणि वर लाल पट्टीत टक्के टाकतात. दोन मिनिटांचं काम. पण किंमत खोडली की तुम्ही गिऱ्हाइकाला एक गोष्ट ठामपणे सांगत असता: ही वस्तू एरवी या भावाला जाते. ते खरं नसेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ त्याला अनुचित व्यापारी प्रथा म्हणतो. बॅनर एजन्सीने केला किंवा आकडा ॲपने आपोआप टाकला, ही सबब उपयोगी पडेल असं धरून चालू नका.

हे नियम फक्त बड्या कंपन्यांसाठी आहेत हा समज आधी काढून टाकायला हवा. स्वतःची वेबसाइट असो, इन्स्टाग्रामवरचं दुकान असो, व्हॉट्सॲप कॅटलॉग असो की मोठ्या मार्केटप्लेसवरची लिस्टिंग, नियमितपणे धंदा म्हणून विकत असाल तर तुम्ही यात येता. घरातलं जुनं कपाट एकदा विकणारा माणूस येत नाही.

खोडलेला आकडा कुठून आला?

कायद्याच्या कलम २(४७) मध्ये किमतीबद्दल एक तरतूद आहे, जी बहुतेक विक्रेत्यांच्या नजरेतून सुटते. जाहिरातीत नुसतं 'मूळ किंमत' लिहिलंत, तर बाजारातले इतर विक्रेते ती वस्तू साधारणपणे ज्या भावाला विकतात तो भाव, असा त्याचा अर्थ धरला जातो. तुम्हाला स्वतःची आधीची किंमत म्हणायची असेल, तर तसं स्पष्ट लिहावं लागतं. म्हणून खोडलेल्या प्रत्येक आकड्याला नाव द्या: 'छापील एमआरपी' किंवा 'आमची ३० सप्टेंबरपर्यंतची किंमत'. 'मूळ', 'खरी', 'बाजारभाव' हे शब्द शक्यतो टाळा, कारण त्यांची जबाबदारी सगळ्यात जड आहे.

एक कुर्ता घ्या. लेबलवर एमआरपी ₹१,४९९. गेले चार महिने तुमच्या साइटवर तो ₹८९९ ला जातोय. सेलमध्ये ₹७९९ करायचा आहे. खोडलेल्या जागी ₹१,४९९ टाकून '४७% सूट' लिहिण्याचा मोह होतो. पण गिऱ्हाइकाला सेलमुळे मिळालेला खरा फायदा ₹१०० चा, म्हणजे ११ टक्क्यांचा आहे. स्वच्छ पद्धत अशी: 'आमची कालपर्यंतची किंमत ₹८९९, सेलमध्ये ₹७९९'. एमआरपी दाखवायचीच असेल तर शेजारी लहान ओळीत 'छापील एमआरपी ₹१,४९९' लिहा, मात्र सेलचा टक्का तिच्यावर काढू नका. जी एमआरपी कुणीच कधी घेत नाही, तिच्यावरून काढलेला टक्का कागदावर बरोबर असतो, तरी वाचणाऱ्याची फसगत करतो. कायद्यातली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या तिथेच लागू पडू शकते.

जुनी किंमत किती दिवस चालू असायला हवी, याचा आकडा भारतीय कायद्यात नाही. युरोपीय संघात आहे. तिथे २८ मे २०२२ पासून लागू झालेल्या नियमानुसार सूट जाहीर करताना त्याआधीच्या किमान ३० दिवसांतली सगळ्यात कमी किंमत दाखवावी लागते, आणि टक्काही तिच्यावरच काढावा लागतो, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. पैठणी किंवा मसाले थेट जर्मनी, नेदरलँड्समधल्या गिऱ्हाइकांना पाठवणाऱ्यांना हा नियम पाळावाच लागेल. बाकीच्यांनीही तो दुकानाची शिस्त म्हणून उचलावा: सेलआधीचे सलग ३० दिवस ती किंमत चालू हवी, आणि त्या किमतीला काही नग खरोखर विकले गेलेले हवेत. सेलच्या आधल्या आठवड्यात ₹८९९ चे ₹१,२९९ करून मग ₹७९९ ला '३८% सूट' लावणं ही सगळ्यात जुनी लबाडी आहे. आता ती पकडणंही सोपं झालंय, कारण किमतीचा इतिहास दाखवणारी साधनं कुणीही वापरतं.

जिची आधी विक्रीच झालेली नाही, अशा वस्तूला जुनी किंमत नसते. हातमागावर विणलेली एकुलती एक पैठणी, ऑर्डरप्रमाणे घडवलेला दागिना, नवीन आणलेला लोणच्याचा प्रकार: यांच्यावर खोडलेली किंमत येऊच शकत नाही. 'ओपनिंग प्राइस ₹४५०, १५ नोव्हेंबरपासून ₹५२०' असं पुढची किंमत सांगून लिहिता येतं. मग १५ नोव्हेंबरला ती खरंच ₹५२० व्हायला हवी.

एमआरपीची बाजू

पाकिटबंद वस्तू असेल तर वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ लागू होतात. लिस्टिंगवर एमआरपी, निव्वळ वजन, उत्पादकाचं नाव-पत्ता वगैरे माहिती दिसलीच पाहिजे. उत्पादनाचा महिना-वर्ष तेवढं ऑनलाइन दाखवण्याची सक्ती नाही. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे मार्केटप्लेसच्या फॉर्ममधल्या एमआरपीच्या रकान्यात पाकिटावर छापलेल्यापेक्षा मोठा आकडा भरणं. टक्का फुगतो खरा, पण गिऱ्हाइकाच्या हातात पाकीट पडतं तेव्हा पुरावाही त्याच्याच हातात पडतो. माल आला की लेबलचा फोटो काढा आणि त्यावरूनच रकाना भरा, जुन्या एक्सेलवरून नको. नवीन बॅचला एमआरपी बदललेली असते आणि लिस्टिंगवर जुनीच राहते, हे तर दर महिन्याला घडतं.

एमआरपी कमी करायची असेल तर कमी किमतीचं स्टिकर लावता येतं, पण आधीची छापील एमआरपी झाकायची नाही. वाढवून स्टिकर मारणं सेलच्या नावाखालीही चालत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून अनेक वस्तूंवरचा जीएसटी घटला. कर उतरल्यामुळे खाली आलेली किंमत 'आमच्याकडून खास दिवाळी सूट' म्हणून मिरवू नका. ते पैसे तुम्ही सोडलेले नाहीत.

कर सवलतीच्या किमतीतच असतो

एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. त्यामुळे एमआरपीवर सूट देऊन झाल्यावर वर पुन्हा जीएसटी लावता येत नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०१७ मध्येच, 'फ्लॅट ४०%' अशी जाहिरात करून सवलतीच्या किमतीवर व्हॅट आकारण्याच्या प्रकरणात हे सांगितलं. तरी चूक थांबली नाही. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने लहान मुलांच्या वस्तू विकणारी फर्स्टक्राय ही साइट चालवणाऱ्या कंपनीला ₹२ लाखांचा दंड केला तो याच कारणासाठी: किंमत 'सर्व करांसह' म्हणून दाखवायची आणि चेकआउटला सवलतीच्या किमतीवर जीएसटी चढवायचा. २७ टक्के म्हणून दाखवलेली सूट कर चढल्यावर जेमतेम १८ टक्क्यांवर येत होती. हिशेब स्वतः करून बघा: ₹१,००० ची वस्तू, २७ टक्के वजा जाता ₹७३०, वर तेव्हाचा १२ टक्के कर, एकूण ₹८१७.६०.

बिलात कर मागे काढा. ₹२,००० एमआरपी, ४० टक्के सूट, गिऱ्हाइकाने द्यायचे ₹१,२००. वस्तूवर ५ टक्के जीएसटी असेल तर १,२०० × ५ ÷ १०५ = ₹५७.१४ कर आणि ₹१,१४२.८६ करपात्र रक्कम. तुमचं सॉफ्टवेअर १,२०० वर ६० रुपये चढवत असेल, तर 'किमती करासहित' हा पर्याय बंद आहे. सेल सुरू होण्याआधी एक खोटी ऑर्डर टाकून शेवटच्या पानापर्यंत जा. सेटिंग वाचून समाधान मानू नका.

टक्के मांडताना

टक्का नेहमी खाली उतरवून लिहा. ४६.७ आला तर ४६. अर्ध्या टक्क्यासाठी जाहिरात खोटी करण्यात काही हशील नाही.

'५०% + २०%' म्हणजे ७० टक्के नव्हे. ₹१,००० चे ₹५००, त्यावर २० टक्के, म्हणजे ₹४००. सूट ६० टक्के. मांडणीच अशी असते की लोक बेरीज करतात, तेव्हा शेजारी अंतिम आकडा लिहा.

'२ वर १ फुकट' मध्ये तिन्ही वस्तू सारख्या किमतीच्या असतील तर सूट ३३ टक्के. पण 'सर्वांत स्वस्त वस्तू फुकट' असेल आणि गिऱ्हाइकाने ₹१,०००, ₹८०० आणि ₹३०० च्या वस्तू घेतल्या, तर ₹२,१०० वर ₹३०० सुटले, म्हणजे १४ टक्के. ही अट ऑफरच्या नावातच हवी, तळटिपेत नको.

'७०% पर्यंत' या शब्दांनी जितका गोंधळ घातलाय तितका दुसऱ्या कशाने नसेल. उरलेल्या एका एक्स्ट्रा-स्मॉल टॉपवर ७० आणि बाकी सगळ्यावर १५, अशा दुकानाने बॅनरवर ७० लिहू नये. किती मालावर कमाल सूट हवी हा आकडा कायद्यात दिलेला नाही. आपल्यापुरता नियम करा: सेलमधल्या निदान दहाव्या हिश्शाच्या वस्तू त्या टक्क्याला हव्यात, आणि बॅनरवर टिचकी मारली की त्याच वस्तू आधी दिसायला हव्यात. त्याहून चांगलं म्हणजे '१५% ते ७०%' असं लिहिणं. 'पर्यंत' हा शब्द आकड्याच्या दशांश आकारात कोपऱ्यात बसवू नका. २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की खुलासा दाव्याच्याच भाषेत, त्याच फॉन्टमध्ये आणि ठळक जागी हवा. आणि खोट्या दाव्याची दुरुस्ती खुलाशाने करता येत नाही. जाहिरात मराठीत आणि अटी इंग्रजीत, हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. तो या सूचनांच्या थेट विरुद्ध आहे.

ऑगस्ट २०२५ मधलं रॅपिडो या ऑटो-बाइक बुकिंग ॲपचं प्रकरण या बाबतीत बघण्यासारखं आहे. '५ मिनिटांत ऑटो, नाहीतर ₹५०' अशी जाहिरात होती. प्रत्यक्षात ते '₹५० पर्यंत' होते, तेही रोख नव्हे तर कंपनीच्या कॉइनच्या रूपात, फक्त बाइकच्या फेरीसाठी आणि सात दिवसांत वापरायचे. अटी न वाचता येण्याएवढ्या बारीक. प्राधिकरणाने ₹१० लाखांचा दंड केला आणि ज्यांना पैसे मिळाले नव्हते त्यांना ते द्यायला लावले. तुमच्या दुकानात 'कॅशबॅक' म्हणजे वॉलेटमधले गुण असतील, तर त्याला 'पुढच्या खरेदीवर ₹५०' म्हणा.

'फुकट' या शब्दालाही अटी आहेत. भेटवस्तूसाठी डिलिव्हरीचा अटळ खर्च घेता येतो. पॅकिंग, हाताळणी किंवा 'प्रोसेसिंग'च्या नावाने पैसे घेतले की ती फुकट राहत नाही. भेट देता यावी म्हणून मूळ वस्तूची किंमत वाढवली किंवा दर्जा कमी केला, तरीही नाही.

घड्याळ आणि 'फक्त २ शिल्लक'

३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नविषयीच्या, म्हणजे साइटच्या मांडणीतून गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या युक्त्यांविषयीच्या मार्गदर्शक सूचना आल्या. त्यात १३ प्रकार नाव घेऊन दिले आहेत आणि पहिलाच प्रकार खोट्या घाईचा आहे. छोट्या दुकानांत तो बहुतेक वेळा अजाणता येतो: थीमसोबत आलेलं किंवा फुकटात बसवलेलं काउंटडाउन ॲप. त्यातली बरीचशी घड्याळं प्रत्येक पाहुण्यासाठी नव्याने सुरू होतात. तपासणं सोपं आहे. पान उघडा, उरलेला वेळ टिपा, मग ब्राउझरच्या खासगी खिडकीत तेच पान उघडा. घड्याळ पुन्हा १५ मिनिटांपासून सुरू झालं, तर ते खोटं आहे. ते काढून टाका, किंवा ठरावीक तारीख-वेळ घालता येणारं लावा. 'आता १७ जण हे बघताहेत' दाखवणारी ॲप तर कित्येकदा यादृच्छिक आकडे फेकतात.

शिल्लक मालाचा आकडा प्रत्यक्ष स्टॉकशी जोडलेला असेल तरच दाखवा. गोदामात ४० आणि लिस्टिंगला मुद्दाम २ ठेवून घाई करणं याच प्रकारात मोडतं. उलट बाजूने, ₹१९९ ची वस्तू बॅनरवर झळकवायची आणि नग मात्र पाचच ठेवायचे, ही आमिषाची जाहिरात. माल पुरणार नाही असं दिसत असेल तर 'फक्त ५० नग, एका गिऱ्हाइकाला एक' हे बॅनरवरच लिहा. नग संपले की बॅनर उतरवा. जाहिराती आधीच रांगेत लावलेल्या असतात आणि माल संपल्यावरही चालत राहतात. त्या बंद करण्याची जबाबदारी एका माणसावर सोपवा.

वेळेबद्दल एक तांत्रिक खोच. वर्डप्रेसच्या साइटवर दुकान चालवणाऱ्या वूकॉमर्समध्ये सेलची तारीख आधी घालून ठेवता येते, पण वर्डप्रेसचा टाइमझोन मुळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असतो. तो 'कोलकाता' केला नाही, तर सेल आपल्याकडे साडेपाच तास उशिरा सुरू होतो आणि तितक्याच उशिरा संपतो. पहाटेपर्यंत बॅनर एक सांगतो आणि कार्ट दुसरंच. कॅशे, म्हणजे साइटने साठवलेली जुनी पानं, साफ केली नाही तरी तेच होतं. शॉपिफाय या दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'कम्पेअर ॲट प्राइस' (तुलनेची जुनी किंमत) भरली की किंमत आपोआप खोडून दिसते, आणि सेल संपल्यावर तो रकाना रिकामा करायचं लोक विसरतात. मग वस्तू वर्षभर सेलवर राहते, आणि वर्षभर चालणारी सेलची किंमत हीच तिची नेहमीची किंमत होऊन बसते.

'शेवटचा दिवस' म्हटलं की शेवटचा दिवस. मुदत वाढवायचीच झाली तर 'मुदत वाढवली' असं सरळ लिहा, आणि दर आठवड्याला वाढवू नका.

कार्टमध्ये किंमत बदलू नये

पानावर एक किंमत आणि पैसे भरताना दुसरी, याला डार्क पॅटर्नच्या सूचनांमध्ये ड्रिप प्रायसिंग म्हटलं आहे. २०२० चे ई-कॉमर्स नियम विक्रेत्याला एकूण किंमत एकाच आकड्यात आणि सोबत तिची फोड दाखवायला सांगतात: डिलिव्हरी, हाताळणी, कर, सगळं. कॅश ऑन डिलिव्हरीचे ₹५० घेत असाल तर ते वस्तूच्या पानावरच दिसू द्या. देणगी, विमा, गिफ्ट रॅप यांच्या चौकटीत आधीच टिक नको, कारण संमती गिऱ्हाइकाने स्वतः द्यायची असते. कूपनच्या खिडकीतल्या नकाराच्या बटणावर 'नको, मला पैसे वाचवायचे नाहीत' असलं काही लिहू नका. गिऱ्हाइकाला ओशाळवून विकणं हाही त्या १३ प्रकारांपैकी एक. 'नको' एवढा शब्द पुरतो.

बँकेच्या कार्डावरची सूट वस्तूच्या किमतीत मिसळू नका. ₹१०,००० ची वस्तू, ठरावीक कार्डावर १० टक्के, कमाल ₹७५०: याची बॅनरवरची किंमत ₹९,००० नाही, आणि कार्ड नसणाऱ्याला ₹९,२५० सुद्धा नाही. किंमत ₹१०,००० लिहा, खाली ऑफर, किमान खरेदी आणि कमाल मर्यादा एकाच ओळीत. कूपन कोड देऊन कमिशन घेणाऱ्या रीलवाल्यांनी 'जाहिरात' हा शब्द ठळक आणि रीलच्याच भाषेत टाकायला हवा. कमिशन हा आर्थिक संबंध आहे आणि तो उघड करणं बंधनकारक आहे. कोड देताना ही अट लेखी कळवा.

'सेलचा माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी सदोष, जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेगळ्या किंवा सांगितलेल्या वेळेनंतर पोहोचलेल्या मालाला लागू होत नाही. आवडला नाही म्हणून परत न घेण्याचं धोरण ठेवता येतं, ते विकत घेण्याआधी दिसलं पाहिजे.

नोंदवही

तक्रार आली की प्रश्न एकच असतो: जुनी किंमत खरी होती हे दाखवा. त्यासाठी साधी शीट पुरते. रकाने असे: वस्तूचा कोड, एमआरपी, विक्रीची किंमत, ती कधीपासून कधीपर्यंत होती, त्या काळात विकलेले नग, जुन्या किमतीच्या दोन बिलांचे नंबर. सेल सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, सुरू झाल्यावर आणि संपल्यावर वस्तूच्या पानाचे स्क्रीनशॉट, तारीख दिसेल असे. ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते, तेव्हा निदान तीन वर्षं हे ठेवा. जीएसटीची बिलं तर वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावीच लागतात. तुमचा खरा पुरावा तीच आहेत.

तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर हवा, मग दुकानात माणूस एकच असला तरी. तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण एका महिन्यात.

गिऱ्हाइकाच्या बाजूने

फसवी सूट दिसली तर आधी पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट घ्या: खोडलेली किंमत, टक्का, अटी, वरचा पत्ता. मग कार्टचा, मग बिलाचा. पाकीट आलं की एमआरपीचा फोटो. पहिली तक्रार दुकानाच्या निवारण अधिकाऱ्याकडे लेखी करा. उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, तिथे मराठीत बोलता येतं. पैसे आणि भरपाई हवी असेल तर ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. वस्तूची किंमत ₹५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही, आणि विक्रेता दिल्लीचा असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. एमआरपीपेक्षा जास्त पैसे घेतले असतील तर राज्याच्या वैधमापन कार्यालयाकडे जा. अनेकांची फसवणूक होत असेल, तर केंद्रीय प्राधिकरणाकडे थेट किंवा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत लिहा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकाला किंवा ती आपल्या तोंडून सांगणाऱ्याला प्राधिकरण ₹१० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ₹५० लाखांपर्यंत दंड करू शकतं. तक्रारीत 'खोटी सूट दाखवली' एवढंच लिहू नका. 'अमुक तारखेला खोडलेली किंमत ₹१,२९९ होती, त्याच दुकानात दहा दिवस आधी तीच वस्तू ₹८९९ ला होती, सोबत दोन्ही स्क्रीनशॉट' असं लिहा.